फॅट काढणारे अण्णा

अण्णा मगदूम आमच्या गावात कुणाच्या दारात स्कूटर उभी करून "म्हातारं बरं हाय न्हवं?" असं विचारायला लागले, की त्या घरातली माणसं आधी आत धावतात आणि म्हाताऱ्याच्या नाकासमोर हात धरून बघतात. म्हातारा बहुतेक वेळा चहा पीत बसलेला असतो. पण त्या चहाची चव जाते. सुनेच्या हातातलं पातेलं निसटतं, लेकाला एकाएकी सगळ्या पाहुण्यांचे फोन नंबर आठवायला लागतात, आणि शेजारीपाजारी येऊन काही न विचारता दारात नुसतेच उभे राहतात.

कारण अण्णा ज्या दारात दोन-चार वेळा बसले, त्या घरातलं म्हातारं पुढचा पाडवा बघत नाही, अशी गावाची खात्री आहे. गावाची खात्री काही उगीच झालेली नाही. हौसाकाकूंच्या दारात बसले, काकू गेल्या. बंडू पैलवानाच्या पायरीवर बसले, पैलवान गेला. शिदूतात्या पाटील तर अण्णांना बघून मागच्या दारानं उसात पळाले होते म्हणतात. तेही गेले. आणि ही माणसं गेली, की येणाऱ्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात माइक हातात घेऊन अण्णा त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती जाहीर करतात.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं हे हसण्यावारी नेलं असतं. पण मी मुळातच भित्रा माणूस. वडगावच्या वीजबिलांच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली आहे, आणि घरात बल्ब बदलायचा झाला तर मी मेन स्विच बंद करून, पायात रबरी चप्पल घालून, वर बायकोला बदलायला सांगतो. मला वीज, कुत्री, अवेळी वाजणारा फोन आणि डॉक्टरांचं "बघूया" या सगळ्याचीच भीती वाटते. आमच्या गोठ्यात म्हैस आहे. तिची धार सुनंदा, म्हणजे माझी बायको, काढते. मी बादली गोठ्याच्या दारापर्यंत पोचवतो आणि तिथं मला ऑफिसचं काहीतरी आठवतं.

अशा माणसाच्या शेजारी अण्णा मगदूम राहतात. मध्ये फक्त एक भिंत आणि शेवग्याचं झाड.

अण्णा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे जुने सेक्रेटरी. पहाटे माणसं रांगेत कॅन घेऊन उभी, आणि अण्णा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेऊन फॅट काढायचे, म्हणजे त्यात स्निग्धांश किती आणि पाणी किती ते मोजायचे. दूध कितीही पांढरंशुभ्र दिसो, अण्णांचा त्याच्या रंगावर विश्वास नव्हता. गंमत अशी, की आयुष्यभर म्हशीच्या दुधावर जगलेला हा माणूस म्हशीला मात्र भयंकर भ्यायचा. लहानपणी एका म्हशीनं त्यांना शिंगावर घेऊन ओढ्यात टाकलं होतं. तेव्हापासून समोरून म्हैस आली की सेक्रेटरीसाहेब रस्ता सोडून कुणाच्या तरी घरात "पाणी द्या" म्हणून शिरायचे. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, आणि गाव त्यांना न मागता पाणी द्यायचं.

रिटायर झाल्यावर अण्णांना शिष्यवृत्तीचा नाद लागला. त्याआधीही आमच्या शाळेत कैलासवासी अमक्यातमक्यांच्या स्मरणार्थ बक्षिसं होती, पण ती सगळी पहिल्या नंबरालाच. एका वर्षी एकाच मुलीनं सगळ्यांच्या सगळ्या शिष्यवृत्त्या उचलल्या. तिचा बाप बक्षिसं न्यायला खताचं रिकामं पोतं घेऊन आला होता. अण्णा ते बघून उखडले.

"आरं, समद्या मेल्याल्यांची आठवण एकाच पोत्यात?" ते हेडमास्तरांना म्हणाले. "त्यातली दोन माणसं जन्मभर एकमेकांस्नी बोलली न्हाईत की! मार्क म्हंजे पाणी हाय, गुरुजी. फॅट काढाय पायजे, फॅट."

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. वारसांनी दूध संस्थेत ठेव ठेवायची, पण शिष्यवृत्ती कुणाला द्यायची ते अण्णा ठरवणार. ती मार्कांवर द्यायची नाही. मेलेल्या माणसात जो गुण होता, तो गुण ज्या पोरात सापडेल त्याला द्यायची. एवढ्यासाठी त्या माणसाचं फॅट काढायचं.

हौसाकाकूंचा आवाज वडगावच्या रस्त्यापर्यंत जायचा. मळ्यातल्या नवऱ्याला त्या घरात बसून जेवायला बोलवायच्या. म्हणून "कै. हौसाबाई शिष्यवृत्ती" सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मुलीला. स्पर्धेच्या दिवशी मुलींनी अशी काही आरोळी दिली, की शाळेमागच्या वस्तीतल्या दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. बंडू पैलवान आयुष्यात एकही कुस्ती जिंकला नाही, पण पंचक्रोशीतलं एकही मैदान त्यानं चुकवलं नाही. चितपट व्हायचा, उठून माती झटकायचा आणि हसत हसत नारळ घेऊन घरी यायचा. म्हणून त्याची शिष्यवृत्ती धावण्याच्या शर्यतीत शेवटून पहिला येईल, पण शर्यत पुरी करेल त्याला. झालं! पुढच्या वर्षी शर्यत सुटली आणि पोरं लग्नाच्या वरातीसारखी चालायला लागली. कुणी काटा काढायला बसलं, कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. प्रमुख पाहुणे जेवायला निघून गेले. अण्णा मात्र शेवटच्या रेषेवर खुर्ची टाकून बसले होते. "या सावकाश, घाई न्हाय," म्हणत होते.

लोक हसायचे, पण आतून टरकायचे. कारण अण्णा माइकवरून काय सांगतील याचा नेम नसायचा. शिदूतात्या पाटील हे आमच्या सरपंचांचे वडील. सरपंचांनी फार मोठी ठेव ठेवून "समाजभूषण" असा शब्द घालायला सुचवलं होतं. अण्णा माइकवर उभे राहिले आणि म्हणाले, "शिदूतात्या ज्याच्याशी भांडला न्हाय असा एक माणूस गावात घावायचा न्हाय." सरपंच खुर्चीच्या कडेवर आले. त्यांच्या आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा पुढं म्हणाले, "पण ज्याच्याशी सकाळी भांडला, त्येच्याच दारात सांच्याला चंची घिऊन तंबाखू मळाय जायाचा. आपणच आधी बोलायचा. म्हणून ही शिष्यवृत्ती, भांडणानंतर जे पोरगं आधी बोलंल त्येला." सरपंच तिथंच रडायला लागले. मीही रडलो. पण रडताना मनात दुसरीच धास्ती होती. उद्या आपण गेल्यावर हा माणूस आपल्याबद्दल काय सांगणार? आपलं फॅट लागेल का तरी?

एवढं सगळ्या गावाचं करणाऱ्या अण्णांनी एका माणसाच्या नावाची शिष्यवृत्ती मात्र ठेवली नव्हती. स्वतःच्या बायकोच्या. चंपाकाकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणायचे, दुसऱ्याच्या ठेवींवर मिरवतोय, स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ आली की सेक्रेटरीचा हात थरथरतो. मलाही ते खरंच वाटायचं.

यंदा दिवाळीत आईच्या छातीत दुखलं. तिला कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलं, तिथं डॉक्टरांनी तपासलं आणि ते "बघूया" म्हणाले. त्या एका शब्दावर मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो. शेवटी आई घरी आली. सोप्यात तिची खाट घातली, उशाला गोळ्या ठेवल्या. ती खाटेवर टेकते न टेकते तोच दारात स्कूटरचा आवाज आला. अण्णांच्या स्कूटरचं स्टँड ढिलं आहे, ते रस्त्याला घासत येतं. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

"वैनी बऱ्या हायत न्हवं?" अण्णांनी विचारलं.

मी बघितलं तर आईनं चादर डोक्यावरून ओढून घेतली होती.

"झोपलीया," मी म्हणालो.

"मग बसतो की उठंपातूर."

आणि ते पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. मी आईची खाट सोप्यातून माजघरात नेली, माजघरातून परसदारी नेली. परसदारी शेवग्याच्या झाडाआडून अण्णांचं अंगण दिसतं म्हणून पुन्हा आत आणली. सुनंदा म्हणाली, "खाटंला चाकं लावून घ्या आता." ती हसत होती, पण देवासमोर दिवा लावताना तिनंही वात जास्त मोठी केली होती, ते मी पाहिलं.

मी ऑफिसातून फोन करायला लागलो. आई जेवली का, खोकली का, खोकली तर कशी खोकली. घरी आलो की आधी तिच्या नाकासमोर हात धरायचो. एकदा तिनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, "मेले न्हाय अजून. हात काढ, कांद्याचा वास मारतोय."

पण अण्णांच्या बाबतीत तिला विनोद सुचत नव्हता. "त्येला माझ्यासमोर आणू नका," ती मला म्हणाली. माझी आई जन्मात कुणाला भ्यालेली मी पाहिली नव्हती. उसात वाघरू आलं अशी आवई उठली, तेव्हा ती हातात विळा घेऊन बघायला गेली होती. ती बाई अण्णांना भिते म्हणजे तिला स्वतःचं काहीतरी कळून चुकलंय, असं माझ्या मनानं घेतलं आणि माझी झोप उडाली.

शेवटी मी आईला कबनूरला बहिणीकडं ठेवून आलो. शोभाच्या घरामागं तिच्या नवऱ्याचे यंत्रमाग आहेत. दिवसभर असा खडखडाट, की तिथं यमाला पत्ता विचारायचा झाला तरी कुणाला ऐकू जाणार नाही. दोन दिवस मी सुखानं जेवलो. तिसऱ्या दिवशी दुपारी शोभाचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"दादा, अण्णा आलाय."

"कुठं?"

"हितं. स्कूटरवर. आपल्या गावातनं कबनूरपातूर त्या स्कूटरवर आलाय! आई उठून मागात जाऊन बसलीया. त्योबी जाऊन तिच्या म्होरं बसलाय."

ती दोघं अख्खी दुपार मागाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसली होती म्हणे. अण्णा काहीतरी बोलायचे, आई कानाला हात लावून मान हलवायची. संध्याकाळी शोभाच्या नवऱ्याच्या मागाचा सूत नेणारा धोटा मोडला. त्यानंतर शोभानं मला स्वच्छच सांगितलं, "आईला न्हे बाबा. माझं काय न्हाय, पण हे भ्यालेत."

आई पुन्हा घरी आली. ती आता फार बोलत नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडायची. संक्रांतीच्या आदल्या रविवारी सुनंदा तीळ आणायला वडगावच्या बाजाराला गेली होती, घरात मी आणि आई दोघंच. आणि स्टँड घासल्याचा आवाज आला.

मी दारात जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीला लावले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी वाट अडवत होतो.

"अण्णा, हात जोडतो तुम्हाला," मी म्हणालो. हात चौकटीला होते, ते काढून खरोखरच जोडले. "पाया पडतो. माझ्या आईचं फॅट काढू नका. अजून थोडी वर्षं तिला राहू द्या. ठेव पाहिजे तर आत्ता ठेवतो. माझ्या नावानं शिष्यवृत्ती ठेवा, मी जातो हवं तर. पण तिच्याकडं येऊ नका."

अण्णा बघतच राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि पायरीवर बसले. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एवढासा माणूस दिसत होता.

"म्हंजे गाव म्हणतंय ती तूबी म्हणतोस," ते म्हणाले. "मी बसलो की माणूस मरतंय."

मी चौकट पुन्हा धरली.

"आरं, मी बसतो म्हणून मरत न्हाईत. मरायला टेकल्यात म्हणून मी जाऊन बसतो. जायच्या आदी इचारून घ्यावं म्हणून."

"काय विचारून?"

अण्णांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली.

"चंपीचं," ते म्हणाले. "ती कशी हुती ती."

मला आधी काही कळलंच नाही.

"एवढा संसार केला. फाटंचं डेरीत जायाचो, रातच्याला परत यायाचो. जेवाय वाढायची, जेवायचो, झोपायचो. गावाचं फॅट काढलं बघ, घरचं राहूनच गेलं. ती गेली, अन शिष्यवृत्ती ठेवाय बसलो, तर काय लिवायचं ती सुचंना. चंपी कशात हुशार हुती? कशाला हसायची? मला काय बी ठावं न्हाय रं." त्यांनी टोपी झटकली. "म्हणून म्हाताऱ्या माणसांस्नी इचारत फिरतोय. हौसाकाकू म्हणाली, चांगली हुती. पैलवान म्हणाला, चांगली हुती. शिदूतात्या पळाला तरी उसात गाठून इचारला, तोबी म्हणाला चांगली हुती. चांगली म्हंजे काय? चांगली म्हंजे पाणी!"

मी चौकटीला टेकून खाली बसलो.

"आता तिला वळखणारं तुझी आई तेवढी ऱ्हायलीया. तुला भ्या वाटतंय ती जाईल म्हणून. मला न्हाय वाटत व्हय? ती गेली की चंपी दुसऱ्यांदा जाती. मग कुणाला इचारू?"

माझी आई जाईल या भीतीनं आमच्या घरात एवढे दिवस कुणी झोपलं नव्हतं, आणि भिंतीपलीकडं हा एकटा माणूस त्याच भीतीनं जागा होता. मला फार लाज वाटली, आणि त्यांची फार दया आली.

आतून खाट करकरली.

"अण्णाला आत घे," आई म्हणाली.

अण्णा आत येऊन खाटेजवळ खाली बसले. आई उठून बसली होती. पदर सारखा केला, एक घोट पाणी प्यायली आणि अण्णांकडं न बघता म्हणाली, "मी तुझ्या फॅटाला भीत न्हवते, अण्णा. तू इचारशील म्हणून तोंड लपवत हुते. चंपीनं शपथ घातली हुती. तुला सांगू नकोस म्हणून."

"कशाची?" अण्णांनी विचारलं.

"मेलेल्या माणसाची शपथ मोडली तर काय हुतं, ती मला ठावं न्हाय. पडल्या पडल्या त्येच इचार चाललाय. सांगितलं तर शपथ मोडती, न्हाय सांगितलं तर माझ्यासंगं जळून जातंय." आईनं उशी सारखी केली. "जाऊ दे. वर गेल्यावर मीच सांगीन तिला, माझ्यानं ऱ्हावलं न्हाय म्हणून."

"आई, वर कशाला जातीस लगेच!" मी घाबरून म्हणालो.

"तू गप बस." मग ती अण्णांकडं वळली. "तू म्हशीला भितोस, ती गावाला ठावं हाय. लगीन झाल्यावर तू तिला काय म्हणालास?"

अण्णांनी मान खाली घातली. "म्हणालो, घरात म्हस हाय, पण मला तिचं भ्या वाटतंय. तुला वाटतंय का? ती म्हणाली, छे! म्हणाली, माझ्या माहेरात धा म्हशी हुत्या."

"माहेरात तिच्या शेरडू सुदिक न्हवतं," आई म्हणाली. "तिचा बा किराणा दुकानदार. ती तुझ्याहून भित्री हुती. पयल्या दिवशी बादली घिऊन माझ्या दारात आली, निस्ती लटलट कापत हुती. म्हणाली, अनसाक्का, तेवढं शिंग धरून हुभी ऱ्हाशील का? तवापास्नं रोज सकाळ-सांच्याला मी शिंग धरायचं आन तिनं डोळं मिटून धार काढायची. कवाच सवय झाली न्हाय तिला. जन्मभर तशीच कापत बसायची. म्हशीनं शेपूट मारलं की 'णमो अरिहंताणं'चा जप सुरू. मी म्हणायची, सांग की त्येला. तर म्हणायची, नगं. घरात एक भित्रं बास झालं. दोन झाली तर म्हस कोण पिळणार? सेक्रेटरीच्या घरचं दूध डेरीला ग्येलं न्हाय तर गाव हसंल त्येस्नी. शपथ हाय तुला, सांगू नगंस."

शेवग्यावर कावळा ओरडत होता. एरवी मी त्याला हाकलला असता.

"डोळं मिटून?" अण्णांनी विचारलं.

"घट्ट मिटून."

"रोज?"

"रोज."

अण्णांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "आन मी रोज तिच्या दुधाचं फॅट काढत हुतो की, वैनी. माझ्या हातानं. लई चांगलं लागायचं." आणि मग ते रडायला लागले, मोठ्यानं, गावातली माणसं रडतात तसे. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी उठून चहा करायला गेलो, कारण मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. चहात साखर घालायची राहिली. तिघांनीही तो तसाच प्यायला.

सव्वीस जानेवारीला आईनं हट्टच धरला. तिला रिक्षातून शाळेत नेलं, पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं आणि मी गोळ्या खिशात घेऊन मागं उभा राहिलो. झेंडा झाला, कवायत झाली, आणि अण्णा माइकवर आले.

"कैलासवासी चंपाबाई बाबगोंडा मगदूम शिष्यवृत्ती," ते म्हणाले. "शाळेतल्या सगळ्यात भित्र्या पोराला, न्हाय तर पोरीला."

मैदानात हशा पिकला. हेडमास्तर पुढं होऊन म्हणाले, "जे विद्यार्थी भित्रे असतील त्यांनी उभं राहावं." एकही पोर उठलं नाही. उठणार कसं? अण्णा वाट बघत उभे राहिले. लोक चुळबुळायला लागले. मला तर वाटलं, आपणच उठावं.

तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून एक मुलगी उठली. तिनं शेजारच्या मुलीचा दंड धरून तिलाही उठवलं.

"सर, ही भित्री हाय," ती म्हणाली. "मुतारीत पाल हाय म्हणून ही एकटी जात न्हाय. मी रोज हिच्यासंगं जाते. दाराला हुभी ऱ्हाते."

सगळं गाव पोट धरून हसलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी दोघींना वर बोलावलं, दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माइक पुन्हा तोंडाशी धरला.

"ही शिष्यवृत्ती दोघींत हाय," ते म्हणाले. "धार काढणारीची अन शिंग धरणारीची. शिंग धरणारी अजून हाय. तवा तिचं नाव आज घेत न्हाय. घाई न्हाय."

लोकांना काही कळलं नाही. आईनं पदरानं नाक पुसलं आणि मागं वळून मला म्हणाली, "ऐकलंस न्हवं? घाई न्हाय म्हणालाय."

आता अण्णा रोज संध्याकाळी येतात. आई खाटेवरून चंपाकाकीची एकेक गोष्ट सांगते, पुरवून पुरवून. डॉक्टर अजून "बघूया"च म्हणतात. माझी भीती काही गेलेली नाही, फक्त तिनं दिशा बदलली आहे. पूर्वी स्टँड घासल्याचा आवाज आला की मी गार पडायचो. आता दिवेलागणीला तो आवाज आला नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी भिंतीवरून डोकावतो आणि आई आतून विचारते, "आला का?"

परवा अण्णा आले ते सोप्यात न येता सरळ परसात गेले. सुनंदा धारेला बसली होती. अण्णा गोठ्याच्या दाराशी जाऊन थांबले. म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला. पण ते हलले नाहीत. एक पाय आत टाकला.

"एकदा शिंग धरून बघावं म्हणतोय," ते म्हणाले. मग मागं न बघता विचारलं, "तू हायस न्हवं रं?"

माझ्या हातात दुसरी, रिकामी बादली होती. ऑफिसचं काहीतरी आठवायला लागलं होतं. म्हशीनं शेपूट झटकलं आणि माझ्या पाठीवरून घाम निथळला.

"हाय की," मी म्हणालो आणि त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"तुला भ्या न्हाय वाटत?"

"छे!" मी म्हणालो.